बाहेर गेलेली खोली

माझा भाचा टेक्सासला असतो. त्यानं चाकांवरचं घर घेतलं, म्हणजे आत पलंग, शेगडी, संडास असं सगळं असलेला एक लांबलचक डबा. व्हिडिओ कॉलवर त्याचं कौतुक दाखवताना त्यानं एक बटण दाबलं आणि डब्याची एक भिंत सोफ्यासकट घरघरत बाहेर गेली. "बघ मामा!" तो म्हणाला. मी बघितलं, पण दचकलो नाही. आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहतो. आमच्या बिल्डिंगमधली प्रत्येक खोली केव्हाच बाहेर गेलेली आहे. त्याची बटणानं जाते, आमची पालिकेच्या कार्यालयांना सुट्टी असते त्या दिवशी जाते, एवढाच काय तो तंत्रज्ञानातला फरक.

जाण्याची रीत ठरलेली आहे. आधी खिडकीला ग्रील बसते. मग तुळशीच्या प्रेमापोटी ती ग्रील दीड फूट पुढे सरकते. तुळशीशेजारी कोरफड येते, कोरफडीमागे तेलाचे रिकामे डबे, डब्यांवर गणपतीचं मखर. पुढच्या वर्षी खिडकीखालची भिंत 'जराशी' काढली जाते आणि दहावीतल्या मुलाचं टेबल तिथं बसतं. एवढं बाहेर आलेलं घर उघडं कसं ठेवणार? म्हणून वर पत्रा. पत्रा उन्हात तापतो आणि पावसात बडवतो, म्हणून पत्र्यावर ताडपत्री. आता हा सगळा संसार हवेत आहे, आणि हवा काही स्वस्थ बसणाऱ्यातली नाही.

भाच्याचं दुखणंही नेमकं तेच निघालं. त्याच्या सरकत्या खोलीच्या टपावर पाणी आणि पालापाचोळा साचू नये म्हणून कापडाचं एक छत असतं. खोली बाहेर आली की ते आपोआप उलगडतं, आत गेली की गुंडाळलं जातं. वारा सुटला की कापडाखाली शिरतो. कापड फुगतं, आपटतं, रात्रभर फडफडून कुणाला झोपू देत नाही आणि एक दिवस टर्रकन फाटतं. "तुमच्याकडे काय करतात रे?" त्यानं विचारलं. अमेरिकेनं जोगेश्वरीचा सल्ला घ्यावा असे प्रसंग वारंवार येत नाहीत. मी तो प्रश्न तसाच उचलून सोसायटीच्या गेटवर नेला.

गेटवर या विषयात तीन पंथ आहेत. सेक्रेटरी घट्ट पंथाचे. दोरीवर टिचकी मारली तर ती तंबोऱ्यासारखी वाजली पाहिजे, असं ते म्हणतात. तळमजल्यावरचे काका भोक पंथाचे. बॅनरवाले फ्लेक्सला चंद्रकोरीसारख्या चिरा देतात तशा द्या, वारा पार निघून जाईल. तळमजल्यावर राहणाऱ्याला दुसऱ्याच्या ताडपत्रीला भोकं पाडायला काय जातंय म्हणा. आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनी दगड पंथाच्या. त्यांच्या शेडवर विटा, पेव्हर ब्लॉक, स्कूटरचा टायर आणि फुटका पाटा अशी सगळी स्थावर मालमत्ता आहे.

तिन्ही पंथांच्या बाजू ऐकल्यावर मला वाऱ्याची बाजूही ऐकावीशी वाटली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ नावाचं मानक आहे. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. बारकावे सोडून हिशेब केला तर चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास दाब येतो. दहा बाय दहा फुटांच्या शेडवर एक टनाहून जास्त. आणि ही शेड आपण शेजाऱ्याच्या सांडपाण्याच्या पाइपाला सुतळीनं बांधलेली असते. एक टनाच्या म्हशीला कुणी सुतळीनं बांधणार नाही, पण म्हैस डोळ्यांना दिसते.

शिवाय दगड ठेवले की शेड जागच्या जागी राहते, हा वहिनींचा समज. प्रत्यक्षात वरून वेगानं जाणारा वारा शेडला वर ओढतो आणि खालून शिरणारा वर ढकलतो. ताडपत्री उडते ती आकाशाकडे. पाटा मात्र आकाशात राहत नाही, तो खाली कुणाच्या तरी गाडीवर उतरतो. काकांच्या चिरांचंही तसंच. मोठ्या कापडाला चार चिरा दिल्यानं वाऱ्याचा जोर फारसा कमी होत नाही. पाणी मात्र त्या चारही ठिकाणी न चुकता गळतं. राहिले सेक्रेटरी. त्यांचं अर्धं बरोबर आहे. सैल कापड फडफडतं, आणि फडफडीनंच दोरी ओवायच्या रिंगांच्या कडा उसवतात. सैल कापडात पाणीही साचतं. दहा बाय दहावर एक इंच पाणी म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या वर, एखादी पाण्याची टाकीच डोक्यावर. पण अगदी कडक ताणलं तर झटक्याला पडायला वावच राहत नाही आणि रिंगच उपटून येते. म्हणून उतार भरपूर द्यायचा, दोरी ताणायची, पण रिंग आणि दोरीच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालायची. हे मला ताडपत्रीवाल्यानं सांगितलं. त्याला आयएस ८७५ माहीत नसावं आणि त्याचं त्यावाचून काही अडतही नाही.

हा घोळ आजचा नाही. रोमच्या कोलोसियमवर प्रेक्षकांना ऊन लागू नये म्हणून अवाढव्य कापडी छत ओढत. ते हाताळायला मिसेनमच्या आरमारातले खलाशी आणून ठेवलेले असत. योग्यच आहे, कारण दोरी, कापड आणि वारा या तिघांचा संसार ज्याला कळतो तो खलाशीच. तरीही मार्शिअल नावाच्या कवीनं लिहून ठेवलंय की पाँपीच्या नाट्यगृहात नाटकाला जाताना आपण टोपी घालून जातो, कारण वारा सुटला की छत उघडतच नाहीत. साम्राज्य होतं, आरमार होतं, तरी वारा आला की छत बंद. इंजिनं येण्याआधी आपल्या वेसाव्याच्या कोळ्यांनीही दुसरं काय केलं? वारा अंगावर आला की शीड उतरवायचं. शीड आणखी घट्ट बांधायचं कुणालाच सुचलं नाही, कारण होडीवर सोसायटीची कमिटी नव्हती.

आमच्या शेडांची आणखी एक खोड आहे. त्या पश्चिमेला पाठ करून उभ्या असतात. पावसाळी वारा वेसाव्याकडून येतो, म्हणून गच्चीवर त्या बाजूला ताडपत्रीचा पडदा खाली सोडलेला आणि पूर्वेकडची बाजू मोकळी. जून ते सप्टेंबर हे उत्तम चालतं. पण मे महिन्यातला वळीव सह्याद्रीकडून, आरेच्या झाडांवरून येतो. तो मोकळ्या दारानं आत शिरतो, समोर पडदा बघतो आणि शेडच घेऊन निघतो. त्यात आता आजूबाजूला पुनर्विकासाचे मनोरे झालेत. दोन मनोऱ्यांच्या फटीतून येताना वाऱ्याचा वेग वाढतो, आणि फटीच्या बरोबर तोंडाशी आमची चार मजली बिल्डिंग. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून समुद्रातून गुजरातकडे गेलं, कुलाब्याला वाऱ्यानं ताशी शंभर किलोमीटर ओलांडले, तेव्हा लॉकडाउनमुळे सगळी बिल्डिंग घरीच होती. प्रत्येकानं आपापल्या शेडचं प्रस्थान जातीनं पाहिलं.

जोगेश्वरीत वाऱ्याला न जुमानणारं एकच छप्पर आहे, गुंफांचं. सहाव्या शतकात अखंड खडकात कोरलेलं. वारा त्याच्या केसालाही धक्का लावू शकला नाही. पावसाळ्यात पाणी मात्र तिथंही साचतं, त्यामुळे आमच्या कमिटीला थोडा धीर येतो.

मी भाच्याला सगळं ऐकवलं आणि शेवटी म्हटलं, "हे बघ, ट्यूबच्या पट्ट्या वगैरे साध्या वाऱ्याला ठीक आहेत. खरा वारा येणार असेल तर गुंडाळून आत घे." तो म्हणाला, "मामा, छत एकटं गुंडाळत नाही ना. खोलीच आत घ्यावी लागते. मग सोफा स्वयंपाकघराला चिकटतो, उभं राहायलाही जागा उरत नाही." मी म्हटलं, "घ्यायची!" सांगायला सोपं होतं. आमची खोली आत कुठून येणार? तिच्यात दहावी चालू आहे. महापालिका पावसाळी शेडला तात्पुरती परवानगी देते, मोसम संपला की काढून टाकायच्या अटीवर. म्हणजे कायद्याचं आणि वाऱ्याचं यावर एकमत आहे की शेड ही तात्पुरती गोष्ट आहे. आम्ही मात्र ती मृत्युपत्रात घालतो.

गेल्या काही वर्षांत ताडपत्रीच्या जागी जुने फ्लेक्स आलेत. फुकट, जाड आणि छापील बाजू खाली केली की वरून कुणाला काही दिसत नाही. २०२२च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली, तेव्हा 'भावी नगरसेवक' लिहिलेला माल मुबलक झाला. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली असे एक भावी ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेले कित्येक दिवस पालथे पडून होते. एका वळिवात ते उठले, सरळ झाले आणि समोरच्या बिल्डिंगवर, दुसऱ्या पक्षाच्या बोर्डावर, हात जोडून बसले. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचे कार्यकर्ते गेटवर. हे मुद्दाम केलं की नाही, एवढाच प्रश्न. फ्लेक्स कुणाचा, याला सोसायटीत एकही वारस निघेना. ट्यूबच्या पट्ट्या कुणाच्या, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मी वर घरातच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी नोटीस लावली. 'वाऱ्याने इमारतीच्या आवारात आलेली ताडपत्री, फ्लेक्स इत्यादी ओळख पटवून घेऊन जाणे.' खाली काकांनी बॉलपेनानं जोडलं, 'पाटापण.'