सेट होईल

लोअर आर्म, बुश, टाय रॉड एंड, दोन्ही शॉकअप, सगळं नवं. बिल बघून मी खाली बसलो, गाडी मात्र छान वर आली. खंबाटकी घाट उतरताना कळलं, तिला आता स्वतःची मतं आहेत. एका बाजूला ओढत नाही हं. ओढली असती तर निदान पक्ष तरी कळला असता. ही नुसती डुलते, वरातीतल्या घोडीसारखी.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, रस्ताच खराब आहे." मग म्हणाला, "नवीन पार्ट आहेत, सेट होतील." विरजण लावलंय का?

"अलाइनमेंट?"

"डोळ्यानं बघितलंय. सरळ आहे."

टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर कल, मिलिमीटरमध्ये मोजतात. पुढची चाकं जराशी बाहेर फाकली, की गाडी सरळ जायचं नाव घेत नाही. यांचे डोळे मिलिमीटर मोजतात, फक्त बिलातलं जादा शून्य तेवढं नजरेतून निसटतं.

शेवटी अलाइनमेंटवाल्या पोरानं खाली वाकून टाय रॉडचं लॉकनट चिमटीत धरून फिरवून दाखवलं. आर्मचे बोल्टही गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळलेले. रबरी बुश तेव्हापासून पीळ खाऊन बसलेले. हे बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून आवळायचे असतात.

सगळं नीट आवळून गाडी सरळ झाल्यावर मेकॅनिकला सांगितलं. तो प्रसन्न हसला.

"बघा, म्हटलं नव्हतं, सेट होईल?"