चढणीचं अंगण आणि बसून गवत कापण्याचं शास्त्र

अमेरिकेत घर घेताना आपला माणूस बरंच काही बघतो. शाळा कशी आहे, ऑफिस किती लांब, तळघरात ओल येते का, मुख्य दार पूर्वेला आहे का, आणि नसेल तर गराजच्या दारालाच मुख्य म्हणता येईल का. अंगणाचा उतार मात्र त्याच्या यादीत नसतो. पिट्सबर्गसारख्या डोंगराळ गावात मार्चमध्ये घर बघितलं तर सगळीकडे बर्फ असू शकतो, आणि बर्फाखाली टेकडीसुद्धा अंथरलेल्या गादीसारखी दिसते. एप्रिलमध्ये गादी निघते, खालून गवत निघतं, आणि ते दर आठवड्याला वाढतं. गावाचा नियम असा की गवत दहा इंचांच्या वर गेलं की नोटीस. मग शनिवारी सकाळी गृहस्थ दुकानात जातो आणि लॉन ट्रॅक्टरवर बसून बघतो. गवत कापण्याच्या गाडीवर बसून बघणं ही खरेदीतली पहिली चूक. त्या सीटवर बसलेल्या कोणालाही आपण शेतकरी असल्याचा भास होतो, आणि शेतकऱ्याला शोभेल एवढं मोठं यंत्र घ्यावंसं वाटतं. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्या आदल्या दिवशी वाचण्यासाठी आहे. त्याचा सिद्धान्त एवढाच की उताराच्या अंगणासाठी यंत्र निवडताना अंगणाचा कोणता भाग कापायचा नाही हे आधी ठरवावं लागतं. हे एकदा ठरलं की यंत्राचा प्रश्न फारसा उरत नाही.

त्यासाठी उतार मोजावा लागतो. डोळ्यांनी तो मोजता येत नाही, कारण घराच्या मालकाला आपला उतार नेहमी सौम्य दिसतो आणि त्याच्या बायकोला नेहमी कडा दिसतो. चार फुटांची सरळ फळी घ्यावी, वर पाणसळ ठेवावी. फळीचं एक टोक चढाकडे जमिनीला टेकवावं आणि दुसरं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचलून धरावं. उचललेल्या टोकापासून सरळ खाली जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजावं. ते सुमारे 13 इंच भरलं तर उतार पंधरा अंशांचा आहे. हा आकडा लक्षात ठेवावा. बसून चालवायच्या बहुतेक घरगुती यंत्रांच्या पुस्तिकेत हीच कमाल मर्यादा छापलेली असते, आणि काही पुस्तिकांच्या शेवटच्या पानावर उतार ताडून बघण्यासाठी घडी घालायची रेघही असते. ते पान सहसा कोरं करकरीत राहतं. इथे आणखी एक घोटाळा होतो, तो अंश आणि टक्के यांचा. पंधरा अंश म्हणजे जवळजवळ 27 टक्के चढ, आणि पंधरा टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश. पिट्सबर्गच्या बीचव्ह्यू भागातला कॅन्टन अव्हेन्यू हा अमेरिकेतल्या सर्वांत तीव्र चढाच्या रस्त्यांपैकी एक. त्याचा सर्वांत अवघड तुकडा 37 टक्क्यांचा म्हणून सांगतात, म्हणजे अंशांत वीसच्या किंचित वर. तेव्हा ‘आमचं मागचं अंगण तीसएक अंश असेल’ असं सहज म्हणणाऱ्याने आपण काय बोलतो आहोत याचा विचार करावा. त्याच गावातली मोनोंगाहेला इन्क्लाइन सुमारे 35 अंशांवर चालते. तिथे 1870 साली लोकांनी रूळ टाकले आणि डबा दोराने ओढून घेतला. चारचाकी घेऊन त्यावर चढावं, असं तेव्हाही कोणाला सुचलं नाही.

आता यंत्रांकडे. दुकानात मुख्यतः दोन जाती दिसतील. एक स्टिअरिंगचं चाक असलेला लॉन ट्रॅक्टर, दुसरी दोन दांड्यांनी चालणारी झीरो टर्न. सपाटीवर झीरो टर्नला तोड नाही, ती जागच्या जागी भोवऱ्यासारखी वळते. पण तिची पुढची चाकं बघावीत. ऑफिसच्या खुर्चीला असतात तशी ती मोकळी फिरतात, त्यांना दिशा देणारं काही नसतं. वळणं, थांबणं, वेग आवरणं ही सगळी कामं मागच्या दोन चाकांची. ओल्या गवतावर त्या दोन चाकांची पकड सुटली की चालक आणि ब्रेक या दोघांचाही संबंध संपतो, आणि पुढचा मार्ग उतार ठरवतो. लॉन ट्रॅक्टरची पुढची चाकं निदान स्टिअरिंगचं ऐकतात, म्हणून उतारावर तो थोडा बरा. पण त्याचीही ओढ आणि ब्रेक बहुधा मागच्याच चाकांवर असतात, आणि उतरताना वजन पुढे सरकतं. म्हणजे ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते त्या क्षणी ब्रेकची चाकं सगळ्यात हलकी असतात. चढताना उलटं होतं. वजन मागे येतं, त्यात मागे कापलेल्या गवताच्या पिशव्या लावल्या असतील तर आणखी मागे, आणि पुढची चाकं जमिनीला कशीबशी शिवतात. आडवं चालवलं तर गाडी कुशीवर जाण्याची शक्यता. म्हणूनच नियम आहे की बसून चालवायचं यंत्र उतारावर सरळ वर-खाली न्यायचं, आणि मागून ढकलायचं यंत्र आडवं न्यायचं. दोन्ही नियम एकमेकांच्या उलट, आणि दोन्ही बरोबर. ढकलणारा घसरला तर त्याचा पाय पात्याखाली जाऊ नये, म्हणून त्याने आडवं चालायचं.

यावर पहिला आक्षेप येतो अश्वशक्तीचा. वीसऐवजी सव्वीस घेतली तर? इंजिनाची ताकद चढायला उपयोगी पडते हे खरं, पण घसरण्याशी तिचा काही संबंध नाही. टायर घसरत असताना जास्त ताकद दिली तर ते जास्त वेगाने घसरतात, एवढाच फरक. चढणीवर आधी दमतो तो गिअरचा डबा. स्वस्त यंत्रांत तो सीलबंद हायड्रोस्टॅटिक असतो. तासभर चढ ओढल्यावर आतलं तेल तापून पातळ होतं, आणि दुपारी जो चढ सहज चढला तोच संध्याकाळी चढवत नाही. त्यामुळे अश्वशक्तीचे पैसे वाचवून ते भक्कम ट्रान्समिशनच्या गार्डन ट्रॅक्टरवर, मागच्या चाकांच्या वजनांवर आणि खोल नक्षीच्या टायरांवर घालावेत. दुसरा आक्षेप शेजाऱ्याचा. तो वीस वर्षं त्याच उतारावर चालवतो आहे, त्याला काही झालं नाही. शेजाऱ्याचं म्हणणं खरं असेल. पण ते त्या वीस वर्षांपुरतंच खरं आहे, आणि जो उलटला तो कुंपणावरून सल्ला द्यायला येत नाही. तिसरा आक्षेप सीटच्या पट्ट्याचा, की तो बांधला म्हणजे झालं. उलटल्यावर चालकाला वाचवणारा उभा दांडा यंत्राला असेल तर पट्टा बांधायचाच. दांडा नसेल तर बांधायचा नाही, कारण तेव्हा यंत्रापासून लांब फेकलं जाण्यातच थोडीफार आशा असते. ही सोय विकत घेण्याआधी समजून घेतलेली बरी. आणि एक गोष्ट आजी-आजोबांसाठी. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आजोबा नातवाला मांडीवर घेऊन ट्रॅक्टरवर फोटो काढतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असं यंत्र चालवण्याचं किमान वय सोळा सांगितलं आहे, आणि मांडीवर मूल घेऊन बसणं कोणत्याही वयात मना केलं आहे. फोटो बंद यंत्रावर, गराजमध्ये काढावा.

एवढं सगळं पाळूनही पंधरा अंशांच्या वरचा तुकडा राहतोच. त्याच्यासाठी वेगळी यंत्रं आहेत: ओहायोतल्या ऑर्व्हिलला बनणारे मधे सांधा असलेले चारही चाकांनी ओढणारे ट्रॅक्टर दुहेरी चाकं लावून तीस अंशांपर्यंत जातात, आणि दूरवरून चालवायची पट्ट्यांची यंत्रं त्याहून वर. पण त्यांची किंमत बघून बायको त्याऐवजी गाडीचंच नाव काढील, आणि तिचं चुकणार नाही. त्यापेक्षा तिथे गवत कशाला हा प्रश्न विचारावा. उतारावरचं गवत आपल्याकडे डोंगरकपारीतून विळ्याने कापतात, पेंढ्या बांधतात आणि गुरांना घालतात. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने 1830 साली कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून गवत कापायचं यंत्र काढलं, आणि तेव्हापासून गवत गुराला न घालता कापून टाकण्याचा मान मध्यमवर्गालाही मिळाला. त्याआधी हे काम बऱ्याचदा मेंढ्या करत. पहिल्या महायुद्धात राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या, आणि त्यांच्या लोकरीच्या लिलावातून रेड क्रॉसला पन्नास हजार डॉलरहून अधिक मिळाले. गूगलने 2009 साली कॅलिफोर्नियात आपल्या आवारातलं गवत चरायला सुमारे दोनशे शेळ्या भाड्याने आणल्या. शेळीला पंधरा अंशांची मर्यादा नसते. मात्र शेळीला गुलाबाचं झुडूपही गवतच वाटतं, हेही जमेस धरावं. ज्यांना शेळी पटत नाही त्यांनी पसरणारी जुनिपरसारखी झुडपं लावावीत, किंवा सातारा-पुण्याकडच्या शेतकऱ्याप्रमाणे ताली घालून सपाट पट्ट्या कराव्यात. एकच इशारा: पेनसिल्व्हेनियाने महामार्गांच्या उतारांवर क्राऊन व्हेच नावाची गुलाबी फुलांची वेल मोठ्या कौतुकाने लावली, आणि आता तीच आवरत नाही म्हणून लोक उपटत बसले आहेत. वेल निवडताना शेजाऱ्याच्या अंगणाचाही विचार व्हावा.

शेवटी हिशेब. समजा अर्धा एकर जागा आहे, म्हणजे आपले वीस गुंठे. पाच-सहा गुंठे घर, ड्राइव्हवे आणि झाडांखाली गेले. आठ गुंठे उताराचे झुडपांना दिले. राहिले सहा-सात गुंठे सपाट गवत. एकवीस इंच रुंदीचं, मागच्या चाकांनी स्वतः पुढे जाणारं मागून चालवायचं यंत्र हे काम अर्ध्या-पाऊण तासात करतं, आणि त्याची मूठ सोडली की तीन सेकंदांत पातं थांबतं, हा अमेरिकेत 1982 पासूनचा कायदा आहे. एवढ्यावर बसून कापायचं यंत्र हवंच असेल तर घ्यावं, माणसाला आवड असतेच. पण दुकानात जाण्याआधी पाणसळ आणि टेप घेऊन मागच्या अंगणात जावं. पाणसळ घरात नसेल तर ती थोड्याशा डॉलरांत त्याच दुकानात, ट्रॅक्टरांच्या बरंच आधी, हत्यारांच्या रांगेत मिळते.