खारी माती

बावड्यात जुनं घर अगदी स्वस्तात मिळालं, असं मी सांगते तेव्हा ऐकणारा शहरातला असेल तर खोल्या किती म्हणून विचारतो, आणि इंदापूर तालुक्यातला असेल तर सह्या किती होत्या ते विचारतो. शहाणा प्रश्न दुसरा. गावठाणातलं पडकं घर स्वस्त होतं ते मालक वाढल्यामुळं. आजोबांच्या नावावरचं घर मुलांच्या पिढीत तिघांचं होतं, नातवंडांच्या पिढीत अकरा जणांचं, आणि अकरा जणांच्या घराला पदरचा रुपया कुणीच लावत नाही. उसाच्या पैशातून एक भाऊ मळ्यात बंगला बांधतो, दुसरा पुण्याला जातो, तिसऱ्याच्या मुली अकलूज-बारामतीला सासरी नांदतात. भांडण वगैरे काही नसतं. नुसती सवड नसते, म्हणून घराला कुलूप लागतं. मग एखाद्या पावसाळ्यात मागचे दोन खण बसतात, परसात एरंड माजतो, आणि पुढच्या दाराचं कुलूप मात्र तसंच इमानानं लटकत राहतं, आतल्या मोकळ्या आभाळाची राखण करत.

आमच्या घराच्या अकरा सह्यांपैकी चार बहिणींच्या होत्या. २००५ साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं वाटा मिळाला. बाप त्या वर्षी हयात असो की नसो, वाटा आहेच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली निःसंदिग्ध सांगितलं. त्याआधीच्या काळात बहिणींना हक्कसोडपत्रासाठी बोलावणं जायचं, साडीचोळी व्हायची आणि संध्याकाळच्या एसटीनं त्या परत जायच्या. या चौघी मात्र खुर्च्यांवर ऐसपैस बसल्या, चहा घेतला आणि एकच चष्मा आळीपाळीनं लावून खरेदीखत पानापानानं वाचलं. थोरलीनं पेन हातात घेऊन खाली ठेवलं. म्हणाली, "सही करते, पन आधी घर एकदा बघू द्या." माजघरात जाऊन ती सान्याखाली उभी राहिली. सानं म्हणजे माळवदाला, मातीच्या सपाट छताला, उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं भोक. त्यातून उन्हाचा एक गोल खाली पडला होता, त्यात ती बराच वेळ पायाचा अंगठा फिरवत होती. मग तिनं अट घातली. नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूरला कुलदैवताच्या दर्शनाला जाताना एक रात्र या घरात मुक्काम करू द्यायचा. खरेदीखतात ही अट नाही. ती येते, आणि आल्या आल्या आमचाच पाहुणचार करू लागते, कारण चूल नेमकी कुठं मांडायची हे त्या घरात फक्त तिला ठाऊक आहे.

कुलूपबंद घरं काही बावड्यातच नाहीत. सिसिली बेटावर सांबुका नावाचं गाव आहे. तिथल्या पालिकेनं २०१९ साली सोळा ओस घरं एकेका युरोच्या बोलीनं विकायला काढली. मुख्य अटी अशा: पाच हजार युरो अनामत ठेवायची आणि तीन वर्षांत घर उभं करायचं. जगभरातून झुंबड उडाली, हॉलिवूडच्या लोरेन ब्राको या अभिनेत्रीनंही तिथं एक घर घेतलं. जपानात २०२३च्या पाहणीत नव्वद लाख घरं रिकामी निघाली. आपल्याकडंही २०११च्या जनगणनेत सुमारे अडीच कोटी घरं रिकामी म्हणून नोंदली गेली आहेत. सांबुकाची बातमी वाचून आमच्या ह्यांच्या डोळ्यांत चमक आली. मी हिशेब मांडला तो वेगळा. सांबुकाच्या त्या घरांसाठी एका पालिकेशी बोलायचं होतं. बावड्यात अकरा जणांशी बोलायचं होतं, प्रत्येकाकडं दोन वेळा चहा, आणि शेवटी एकाच्या व्याह्यांकडं जेवण.

पण आम्हाला हौस होती, आणि तिला कारण होतं. आमचा सगळा संसार वालचंदनगरच्या वसाहतीत झाला. वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात माळरानावर वसवलेलं ते गाव. सरळ रस्ते, एकसारखी घरं, सकाळचा भोंगा. तिथं आम्ही सुखात होतो. एवढंच की घराला स्वतःचं असं काही म्हणणं नव्हतं. शेजारच्या घरात दिवा लावायला गेलं तरी हात अंधारात आपोआप बटणावर पडायचा, कारण बटण सगळ्यांकडं तिथंच. निवृत्तीनंतर असं वाटू लागलं की ज्याच्या खोडी शिकाव्या लागतील असं एखादं घर असावं. देवानं तथास्तु म्हटलं आणि वर थोडं जास्तीचंही दिलं.

दुरुस्ती चालू असताना तिथंच राहायचं, हा ह्यांचा आग्रह. भाडं वाचतं आणि कामावर लक्ष राहतं, असा त्यामागं विचार. प्रत्यक्षात आमच्यावरच सगळ्यांचं लक्ष राहिलं. घर आठ खणांचं. ज्या खणाचं काम चालू असेल तो सोडून दुसऱ्यात बाज टाकायची, हा शिरस्ता. त्यामुळं आमची बाज घरातल्या घरात वनवासाला निघाल्यासारखी फिरत होती. सोप्यातून माजघरात, तिथून न्हाणीच्या बोळात, एकदा तर चार दिवस अंगणात कडुनिंबाखाली. रोज उठून छताकडं पाहावं तर वेगळंच छत. कधी कडीपाट, कधी ताडपत्री, कधी मृग नक्षत्र. चहाची पातेली, रक्तदाबाच्या गोळ्या आणि खरेदीखताची पिशवी, एवढंच बाजेबरोबर इमानानं हलत असे. बाकीचं कुठं आहे हे गवंड्याला विचारावं लागे आणि तो अचूक सांगे.

हा गवंडी मितभाषी. पहिल्या दिवशी त्यानं भिंतीवर तळहात ठेवला, कान लावला, आणि ताप बघून उठावा तसा उठला. भिंती पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, पावणेदोन हात रुंद. "भिंत चांगली हाय," तो म्हणाला. "वज्जं वर हाय." त्याच्या त्या दोन वाक्यांमागं काय होतं ते मला पुढं कळलं. माळवदावर दर उन्हाळ्यात पावसाआधी मातीचा नवा हात देतात. जुना काढत कुणीच नाही. आजोबांचा थर, त्यावर बापाचा, त्यावर मुलाचा, असं करत छत हातभर जाड होतं आणि लाकडं मुकाट्यानं वाकत जातात. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट ज्यांना आठवते त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गणपती विसर्जनाची रात्र सरली होती, गावं गाढ झोपली होती, आणि किल्लारीच्या परिसरात भूकंपानं हेच जड छत आणि दगडमातीच्या भिंती हजारो माणसांच्या अंगावर आल्या. त्यानंतर मराठवाड्यात आणि सोलापूरकडं लोकांनी घरात झोपणंच सोडलं होतं, अंगणात पत्र्याची खोपटं टाकून राहिले. आमच्या पुतण्यानं, तो इंजिनिअर आहे, फोनवर एकच शब्द सांगितला: पाडा. गवंड्याचं म्हणणं वेगळं होतं. "ताई, माळवद पाडायचं नसतंय. हलकं करायचं असतंय." भूकंपानंतर अभ्यासकांनीही हेच पाहिलं होतं की छत लाकडी खांबांवर पेललेलं असेल तर भिंत ढासळूनही ते पुष्कळदा उभं राहतं. मग पुतणा आणि गवंडी यांची एका रविवारी गाठ घालून दिली. दोघांनी माझ्याकडं न बघता तासभर चर्चा केली आणि खांब, तुळया एकमेकांना कशा जखडायच्या ते जमिनीवर खडूनं काढलं. घराबद्दल मला त्या दिवशी पहिल्यांदा निर्धास्त वाटलं.

माळवद हलकं करायचं म्हणजे साठ-सत्तर वर्षांचे थर खरवडायचे. मी वर बसून पाहत होते. वरच्या थरात रंग उडालेलं प्लास्टिकचं बटण निघालं, त्याखाली काचेची गोटी, मग हिरव्या बांगडीचा तुकडा, आणि तळाशी छताच्या लाकडी किलचनांवर अंथरलेला कडुनिंबाचा पाला, ज्याचा आता तपकिरी भुगा झाला होता आणि तरी कडू वास येत होता. गोटी मी ठेवून घेतली. थोरली बहीण मुक्कामाला आली तेव्हा तिला दाखवली, तर तिनं भावाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "हरवली म्हनून माझ्यावर आळ घेतला हुता त्यानं." गोटी पदराच्या टोकाला बांधून ती घेऊन गेली. अकरा सह्यांपैकी एक त्याच भावाची होती. त्या दोघांत पुढं काय बोलणं झालं ते मला विचारवलं नाही.

नवा थर द्यायला खारी माती लागते. आणि इथं मला या मुलखाचं फार मोठं नवल वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या दुष्काळी रानात आला, ऊस आला, पैसा आला. पाणी मात्र सैल हातानं सोडलं गेलं, निचरा राहून गेला, आणि काही काही काळीभोर रानं पांढरी पडून खारपड झाली. तिथं आता कुसळही धड येत नाही. त्या मातीत सोडियम साठतो, तिचे कण सुटे होऊन एकमेकांच्या फटी बुजवतात, आणि पाणी तिच्यातून खाली उतरत नाही. पिकाचा घात करणारा हाच तिचा दोष माळवदावर गुण ठरतो. पाण्यानं जिचा जीव घेतला तीच माती छतावर बसून पाणी अडवते, बहुधा जुन्या रागानंच. ज्याच्या पडीक तुकड्यातून आम्ही ती आणली त्यानं पैसे घेतले नाहीत. "न्या की ताई, कायतरी उपेग झाला म्हनायचा तिचा," म्हणाला, आणि ट्रॉलीत एक पाटी जास्तीची टाकली.

एव्हाना मला पुरतं कळून चुकलं होतं की हे घर ओस वगैरे काही नव्हतं. मालकांनी सोडलं होतं, एवढंच. बाकी त्यात बरीच वहिवाट चालू होती. मागच्या बोळातून शाळेची पोरं आमच्या न्हाणीच्या पडक्या भिंतीतून जात, कारण रस्त्यानं गेलं तर घंटा चुकते. भिंत बांधली तेव्हा दोन दिवस ती बिचारी तिच्यासमोर येऊन थबकत. तिसऱ्या दिवशी ह्यांनी तिथं फाटक बसवायला सांगितलं. भिंतीत पिंपळ उगवला होता. त्याला हात लावायला गवंडी तयार नाही, सुतार तयार नाही, मीही नाही. शेवटी नारळ फोडून मुळासकट सोडवला आणि नीरेच्या काठी नेऊन लावला. त्याच्या मुळांबरोबर एक कोनाडाही गेला. आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीच्या मुक्कामाला निघाली आणि बावड्यावरून जाताना एका दिंडीतल्या बाया तुळशी सांभाळत सरळ आमच्या सोप्यात शिरल्या. दारं सुताराकडं होती, त्यामुळं अडवायला काही नव्हतंच. त्यांच्यातल्या म्हातारीनं नव्या फरशीवर पाय पसरले, वर बघितलं आणि कौतुकानं म्हणाली, "औंदा छप्पर केलंय की माउली! आमी दरसाल हितंच टेकतो." छप्पर आपल्यासाठीच केलंय याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. जाताना तिनं माझ्या पाया पडायला वाकावं आणि मी तिच्या, यात दोघींची डोकी आपटली.

सगळ्यात जुनी वहिवाट शेजारच्या आक्कांची. दर चैत्रात त्यांच्या कुरडया आमच्या माळवदावर वाळत. त्यांच्या घरावर पत्रा आहे, पत्र्यावर पसरायला जागा नाही, आणि आमच्या माळवदावर, त्यांच्या म्हणण्याप्रमाणं, वारा 'सरळ' येतो. घर ओस असतानाही त्या मागच्या ढिगाऱ्यावरून पाटी डोक्यावर घेऊन वर चढायच्या. ढिगारा आम्ही उपसला आणि त्यांची वाट गेली. त्या तक्रार करत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या रोज सकाळी येऊन काम कुठवर आलं ते बघत, गव्हाचा चीक कधी काढायचा याचा अंदाज घेत, आणि जाता जाता विचारत, "जिना शेवटालाच करनार म्हना की?"

जिना मधेच झाला. आम्ही नरसिंहपूरला गेलो होतो, परत आलो तर परसात पायऱ्या तयार. आमच्या नकाशात जेवढ्या होत्या त्याच्या दीडपट, आणि प्रत्येक पायरी अगदी बुटकी. ह्यांनी टेप लावून बघितली, पुन्हा लावली, मग गवंड्याला हाक मारली. तो थापी धूत होता. मान वर न करता म्हणाला, "आक्काचं गुडघं बघितलंय न्हवं तुमी?" जास्तीच्या पायऱ्यांची मजुरी त्यानं आमच्याच वहीत मांडली होती, तारखेसकट, सुवाच्य अक्षरात.