शुक्रवारची मंडळी

ती. आबा आणि माय यांना,
बॉस्टनहून शिरसाष्टांग नमस्कार.

माय, व्हिडिओ कॉलवर नातवाच्या हातात बायबल दिसलं आणि तू फोन ठेवून थेट नर्सीच्या नामदेवाला नवस बोललीस, हे धाकट्यानं कळवलं. जरा दम धर. मामला आबांच्या भजनी मंडळाइतकाच साधा आहे.

नातवाचा कॉलेजातला दोस्त नगरचा, पिढीजात ख्रिस्ती. त्यांच्या चर्चमधली विशी-तिशीतली पोरंपोरी दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमतात. त्याला 'स्मॉल ग्रुप' म्हणतात. बायबलातला एक अध्याय वाचायचा, ज्याला जे उमजलं ते बोलायचं, मग जेवण. आपला गडी आधी जेवणासाठीच जायचा. आता वाद घालायला जातो. परवा गोष्ट निघाली, की राजानं एका चाकराचं डोंगराएवढं कर्ज माफ केलं आणि त्यानं बाहेर येताच किरकोळ उधारीसाठी दुसऱ्याचा गळा धरला. आपला म्हणाला, असा एक माणूस आमच्या पुसेगावातही आहे. नाव सांगितलं नाही, आबा, पण तुम्ही ओळखलंच असेल.

एकदा नगरच्या पोरानं नारायण वामन टिळकांचं भजन म्हटलं. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तरी अभंग काही सुटला नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. गोरी पोरं गिटार ठेवून टाळ्या द्यायला लागली, त्याही नेमक्या चुकीच्या मात्रेवर. आबा, तुम्ही टाळ फेकून मारला असता.

अशा मंडळींची मुळं आपल्याकडंही पोचलीत बरं का. 1806 साली इथल्याच विल्यम्स कॉलेजची पाच पोरं प्रार्थनेला जमली होती. वादळ आलं म्हणून गवताच्या गंजीआड बसली. तिथं निघालेल्या विषयातून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था उभी राहिली आणि 1813 मध्ये तिची माणसं मुंबईत उतरली. 'ज्ञानोदय' पत्र काढणारं अमेरिकन मराठी मिशन ते हेच. आम्ही ती गंजीची जागा पाहून आलो. दगडी खांबावर पृथ्वीचा गोल बसवलाय. तुमची सून म्हणाली, तिथं आबा असते तर प्रार्थनेआधी पाचही जणांना ताडपत्री धरायला लावली असती.

शुक्रवारी शेवटी सगळे गोल बसून विचारतात, कुणासाठी काय मागायचं? एकीनं घरमालकाला सुबुद्धी मागितली, एकानं व्हिसा. आपल्या गड्याला काही सुचेना, त्यानं आबांचा गुडघा सांगितला. झालं! तेव्हापासून दर शुक्रवारी गुडघ्याची चौकशी होते. मध्यंतरी हा तापानं पडला, तर दोघंजण सुपाचा डबा घेऊन दारात हजर. डबा माझ्या हातात देतानाही पहिला प्रश्न गुडघ्याचाच.

तेव्हा आबा, हिंगोलीच्या डॉक्टरांकडं आता जाच. 'सोयाबीन निघाल्यावर बघू' हे मी शुक्रवारच्या मंडळींना सांगून पाहिलं, कुणाला पटलं नाही. शुक्रवारच्या आत एक्स-रेचा फोटो धाडा.

तुमचा,
थोरला