पडद्याआडचं धरण

पौड मागे टाकून मुळशी धरणाच्या काठाने निघालात, की कोथरूडहून निवृत्त होऊन आलेल्यांचे बंगले लागतात. त्यांत एखादा नाना असतोच. फंडाच्या पैशांतून त्याने तलावाकडे तोंड असलेली भलीमोठी काचेची खिडकी केलेली असते आणि घरच्या घरी फोटो छापायला इंकजेट प्रिंटर घेतलेला असतो. या दोघांचं आपसांत पटत नाही, हे त्याला पहिल्याच उन्हाळ्यात कळतं. भिंतीवरच्या फोटोंतली निळाई उडते. आभाळ जातं, धरण जातं आणि मुलाच्या लग्नातले वऱ्हाडी सरसकट हळद लागल्यासारखे दिसू लागतात.

मग नाना अभ्यासाला बसतो. डाय शाई कागदात विरघळून मुरते, ती उजेडाला आणि ओझोनला लवकर बळी पडते. पिगमेंट शाईचे कण दणकट, ते टिकतात, हे तुम्हाला चहाआधीच ऐकावं लागतं. हा ओझोन गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतो, असं सांगताना तो पिरंगुटच्या दिशेने संशयाने बघतो. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० वर छापलेले फोटो अमेरिकेत नारिंगी पडले होते. पटकन वाळणाऱ्या कागदाच्या बारीक छिद्रांतून ओझोन आत शिरला होता. नाना हे भाऊबंदकीतल्या अन्यायासारखं सांगतो.

उपाय म्हणून खिडकीला जाड पडदा. पाहुणे अंधारात.

"अहो, त्यांना धरण तरी बघू द्या!"

"बघताहेत की!" म्हणत नाना भिंतीवरच्या धरणावर क्षणभर बॅटरी मारतो.

पावसाळ्यात तर विचारू नका. ताम्हिणीकडून पाऊस उतरला की भिंती ओल धरतात, शाई पसरते, फोटो काचेला चिकटतो. म्हणून छापलेला फोटो दिवसभर वाळवायचा, मगच फ्रेममध्ये; फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची जाड पट्टी. चिकट पानांचा अल्बम आणला म्हणून सुनेशी अबोला.

बागेचं बघणारा गडी एकदा म्हणाला, "आमच्या आज्याचा फोटू ओसरीवर टांगलाय. उन्हात, पावसात. हाय तसाच हाय."

"तो कृष्णधवल! त्यात चांदी असते, चांदी!" नाना उसळला. खरंच असते. तसल्या फोटोतली काळी छटा म्हणजे चांदीचे कण, आणि नुसत्या उजेडाने ते सहसा उडत नाहीत.

नानाची माहिती बहुतेक बरोबर असते, हे मान्य करायला हवं. फक्त कंपनीची शाई महाग पडते म्हणून प्रिंटरमध्ये त्याने स्वस्तातली बाटली ओतलेली असते, आणि तीही डायचीच. त्याबद्दल विचारलंत की विषय पावसावर जातो.

तुम्ही गेलात तर नाना तुमचाही फोटो काढणार, लगेच छापून हातात ठेवणार. घ्या, कौतुक करा. निघताना फाइल मात्र मोबाइलवर मागून घ्या आणि पुण्यातल्या एखाद्या चांगल्या लॅबमधून प्रिंट काढा.