तोटीच्या पोटात

घरी बिअर करतो असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तांब्याचं चकचकीत भांडं, वाफा आणि मिशीला फेस लागलेला एखादा जर्मन आजोबा येतो. प्रत्यक्षात घरी बिअर करणं म्हणजे भांडी घासणं. मधूनमधून थोडी बिअर होते, पण तो जोडधंदा. आधी भांडी घासायची, मग ती जंतुविरहित करायची, त्यांत बिअर आंबत ठेवायची, ती भरायची म्हणून बाटल्या घासायच्या आणि भरून झाल्या की रिकामी झालेली पहिली भांडी पुन्हा घासायची. लग्न झाल्यापासून सिंककडे पाठ करून चहा पिणारा मी या छंदापायी सिंकला असा जुंपला गेलो, की बायकोनं या प्रकाराला चकार शब्दानं विरोध का केला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे पोलिसांची भीती नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. तिथे नियमानं प्यायलासुद्धा परवाना लागतो, घरी करणं तर दूरच. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली आणि बिअर तेवढी राहून गेली. ते निस्तरायला १९७८ उजाडलं. जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरात दोन प्रौढ माणसं असली तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा मिळाली. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं मात्र २०१३ पर्यंत अडून बसली होती. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर. कायद्यानं मन एवढं मोठं केलं, पण माझी सुरुवातीची बिअर ज्यांनी प्यायली त्यांचं मत अलाबामाच्या बाजूनं पडलं असतं.

या कामात गोष्टी दोन आहेत, हेच मुळात माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. डोळ्याला दिसते ती घाण काढणं ही एक. घाण निघाल्यावर भांड्याला चिकटून राहिलेले, न दिसणारे जीव मारणं ही दुसरी. आमच्या आजीच्या हिशेबात आंघोळ वेगळी आणि सोवळं वेगळं. आंघोळीशिवाय सोवळं नेसता येत नाही, आणि नेसून झाल्यावर दाराच्या कडीला हात लागला की सगळं मुसळ केरात. इथेही तेच. बादलीच्या कडेला वाळलेला फेस चिकटलेला असेल तर त्याच्या थराखाली जंतुनाशक पोचतच नाही, वरून कितीही ओता.

त्यातही हे सोवळं सगळीकडे पाळावं लागत नाही. मॉल्टचा गोड काढा तासभर खळाखळा उकळतो. त्याआधी जे पातेलं, जो डाव, जी गाळणी वापरली ती नुसती स्वच्छ असली की पुरे. तासभराच्या उकळीतून वाचतंय कोण? खरा धोका काढा गार झाल्यावर. त्या घडीपासून यीस्ट जोर धरेपर्यंत जो आधी पोचेल त्याचं राज्य. मी नेमकं उलटं करत होतो. उकळायच्या आधी पातेलं पितांबरी लावून आरशासारखं लख्ख करायचो, डाव उकळत्या पाण्यात बुडवून काढायचो, बायकोला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचो नाही. आणि काढा गार झाला की शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढून त्यात बुडवायचो, वरणाच्या डावानं चव घ्यायचो आणि तोच डाव पुन्हा आत घालून 'वा!' म्हणायचो.

पहिला घाणा ब्लीचनं बिघडवला. ब्लीच स्वस्त आहे, जंतू मारतं, आणि त्याचा हिशेबही सोपा: गॅलनभर पाण्याला एक मोठा चमचा, वीस मिनिटं भिजत ठेवायचं, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. पण आमच्याकडे मीठसुद्धा अंदाजानं पडतं. मी बाटली उपडी केली, पाण्याला स्विमिंग पूलचा वास सुटला तेव्हा समाधान पावलो, आणि धुताना मात्र पाण्याच्या बिलाची आठवण ठेवली. ब्लीचमधलं क्लोरीन मॉल्टमधल्या आणि यीस्टनं तयार केलेल्या फिनॉलना भेटलं की क्लोरोफिनॉल नावाची संयुगं जन्माला येतात. माणसाच्या जिभेला ती अब्जात काही भाग एवढी असली तरी कळतात. माझ्या बिअरमध्ये ती कळण्यासाठी जिभेची गरजच नव्हती, नाक पुरेसं होतं.

मित्र आले, प्यायले, आणि एकमेकांकडे न बघता म्हणाले, "वेगळीच चव आहे." मराठी माणूस फुकटच्या पेयाला वाईट म्हणत नाही.

पुढचा घाणा गव्हाचा. बायकोला कडू आवडत नाही म्हणून मी हॉप्सना कात्री लावली. हॉप्सचा कडूपणा लॅक्टोबॅसिलसच्या बऱ्याच जातींना वेसण घालतो, ही माहिती मला तेव्हाही होती. पण माहिती असणं आणि वेळेवर आठवणं यांत फरक आहे. शिवाय काढा गार होत असताना वेळ सत्कारणी लावावा म्हणून मी शेजारीच पुढच्या घाण्याचा मॉल्ट मिक्सरवर भरडायला घेतला. धान्याच्या टरफलावर या जिवाणूंची वस्तीच असते. स्वयंपाकघरात पांढरा धुरळा उडाला, आणि तो कुठे बसला हे काही आठवड्यांनी एका मित्रानं पहिल्या घोटातच सांगितलं. "ताक म्हणून उत्तम जमलंय," तो म्हणाला. "भाजलेलं जिरं आहे का?"

अल्कोहोल, आंबटपणा आणि हॉप्स यांच्यापुढे माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंचं बिअरमध्ये सहसा काही चालत नाही. बिघडलेली बिअर तोंड वाकडं करते, तिरडीवर चढवत नाही. माझा मित्रपरिवार अजून हिंडता-फिरता आहे तो याच शास्त्रीय कारणामुळे.

मग सासूबाई आल्या. मिरजेच्या एका इस्पितळात त्यांनी उभी हयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून काढली. अनेक सर्जन त्यांच्या हाताखाली शिकून मोठे झाले, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्या सर्जननीही ते कधी नाकारलेलं नाही. मी बेसमेंटमधला माझा संसार जुन्या चादरीखाली झाकून ठेवला होता. पापड कुठे वाळवता येतील हे बघायला त्या खाली गेल्या आणि पाचच मिनिटांत हाक आली.

"जावईबापू, जरा खाली येता का?"

खाली गेलो तर चादर बाजूला, पहिल्या घाण्यातली एक बाटली उघडलेली आणि सासूबाईंचं नाक तिच्या तोंडाशी. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर संताप शोधत होतो. पण तिथे भलतंच काहीतरी होतं. त्यांना नोकरीतले दिवस आठवत होते.

"हा तर आमच्या थिएटरचा वास!" त्या म्हणाल्या.

त्यांचं बरोबरच होतं. डेटॉलमधलं मुख्य रसायन याच क्लोरीनवाल्या फिनॉलांच्या गोत्रातलं आहे. त्याहून जुनं नातंही आहे, आणि ते मला त्यांनीच पिंपावर बसून ऐकवलं. पाश्चरनं आंबण्याच्या क्रियेचा अभ्यास केला, नासण्यामागे सूक्ष्म जीव असतात हे दाखवून दिलं. ते वाचून जोसेफ लिस्टरला वाटलं की जखमा चिघळतात त्यामागेही असंच काही असेल. मग त्यानं जखमांवर कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉलच, वापरून १८६७ मध्ये आपले निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले. पाश्चरनं पुढे १८७६ मध्ये बिअरच्या 'आजारां'वर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे थिएटर आणि बिअरची बादली ही एकाच घराण्यातली. "तुम्ही फक्त घराण्याचं नाव घालवलंत," सासूबाई म्हणाल्या. "प्यायला माझी ना नाही हो. पण हे केलंत कशात?"

मी बादली पुढे केली. त्यांनी आत हात फिरवला. "हे ओरखडे कसले?" घासणीचे, म्हणालो; हिरव्या, खरखरीत. प्लास्टिकवर ओरखडा पडला की जंतूंना कायमचं घर मिळतं आणि तिथे ना ब्रश पोचत ना औषध. बादली बाद झाली. तिच्यात सध्या कढीपत्ता छान वाढतोय.

दुसरी, मऊ फडक्यानंच धुतलेली बादली मी अभिमानानं आणली. तिच्या तळाशी बाटल्या भरायची प्लास्टिकची तोटी. ही तोटी मी दर वेळी बाहेरून पुसायचो, जंतुनाशक तिच्यातून धो धो वाहू द्यायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो.

"ही उघडते का?"

"नाही आई, ती अशीच येते. फिक्स."

सासूबाईंनी वर जाऊन पातेल्यात कडकडीत पाणी आणलं. तोटी बादलीतून काढून त्यात टाकली, थोडा वेळ थांबल्या, मग पदरानं धरून लाटण्याच्या टोकानं खालून दाब दिला. टक् असा आवाज झाला आणि फिक्स असलेली तोटी दोन तुकडे होऊन त्यांच्या तळहातावर पडली.

आतल्या फिरत्या नळीभोवती तपकिरी, बुळबुळीत थर होता. त्यात मॉल्टचं एक टरफल शाबूत होतं. हॉप्सचं एक पान होतं, आणि गव्हाच्या घाण्यात मी पानं वापरलीच नव्हती, त्याअर्थी ते आधीच्या कारकिर्दीतलं. वॉशरच्या खाचेत काळपट काहीतरी बसलं होतं. त्याचं नाव सांगायला पाश्चरच हवा. माझी प्रत्येक बाटली, घासलेली, उकळलेली, उन्हात वाळवलेली प्रत्येक बाटली, या बोगद्यातून भरली गेली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो हात दिव्याखाली धरला आणि माझ्याकडे बघितलं. शिकाऊ नर्सेस रडत कशा असतील हे मला त्या क्षणी समजलं.

जिन्यात बायको उभी होती. "अगं आई," ती म्हणाली, "चहाचं गाळणंसुद्धा तो असंच धुतो."

पुढचा घाणा सासूबाईंच्या देखरेखीखाली झाला. जंतुनाशक आता फॉस्फरिक ॲसिडचं, फेसाळणारं: १९ लिटर पाण्याला ३० मिली. ते त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं डोळ्यांच्या रेषेत धरून मोजलं. भांडं एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की काम होतं आणि नंतर धुवायचं नसतं. पण बादलीत ढीगभर फेस उरतो आणि सबंध आयुष्य भांड्यावरचा साबण धुण्यात गेलेल्या माणसाला तो बघवत नाही. माझा हात आपसूक नळाकडे गेला.

"थांबा! निर्जंतुक केलेलं पुन्हा नळाखाली?"

"आई, फेस आहे."

"असू दे. त्या पातळ द्रावणाचा फेस यीस्टला बाधत नाही, असं तुम्हीच मला वाचून दाखवलंत ना?"

वाचून दाखवलं होतं खरं. मग मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले गेले आणि हुकूम झाला: हात वर, कशाला शिवायचं नाही. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. सासूबाईंच्या हातात यीस्ट, बायको आंघोळीला. मी तसाच गेलो, कोपरानं दार उघडलं. कुरियरवाल्यानं पाहिलं ते असं: दारात एक घामाघूम माणूस, दोन्ही हात वर, कोपरांवरून पाणी ठिबकतंय, आणि आतून बाईचा करडा आवाज, "हात खाली घेऊ नका!" त्याला मराठी येत नसावं, पण सूर कळला. पार्सल पायरीवर ठेवून तो गाडीकडे जवळपास पळाला. मी परत आलो.

"कोपर लागलं ना दाराला? पुन्हा धुवा."

पीएच तीनच्या खाली असेपर्यंत ते द्रावण पुन्हा वापरता येतं हे कळल्यावर तर सासूबाईंना त्याचा लळाच लागला. स्प्रेच्या बाटलीत भरून त्या ते जिथे तिथे मारत सुटल्या. ओट्याचा संगमरवर आणि ॲसिड यांचं जमत नाही. सिंकशेजारी एक पांढुरका, खरबरीत डाग कायमचा उमटला. डाग पाडला त्यांनी, पण घराच्या दफ्तरात तो माझ्या नावावर आहे.

बिअर मात्र झाली. पन्नासेक बाटल्या, सगळ्या निरोगी. लवंग आणि केळ्याचा वास, जसा गव्हाच्या बिअरला यावा तसा. फेसही टिकला, कारण या खेपेला बाटल्या फोडणीच्या कढईबरोबर डिशवॉशरमध्ये गेल्या नव्हत्या. तेलाचा पुसटसा थरसुद्धा फेस मारतो. शनिवारी मंडळी जमली. पहिल्या घोटानंतर शांतता पसरली. मी 'वेगळी' या शब्दाची वाट बघत होतो. तो आला नाही. रिकामे ग्लास आले.

आता या बाटल्यांचं असं असतं की तळाशी यीस्टचा गाळ राहतो. रिकामी झाल्याबरोबर बाटली विसळून उपडी घातली तर पुढचं काम अर्ध्यावर येतं. तशीच राहिली तर गाळ वाळतो आणि ब्रश घेऊन रात्र काढावी लागते. पण घरी आलेल्या पाहुण्याला बाटली विसळायला सांगायची माझी हिंमत नाही. सासूबाई सिंकपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "तीनदा गरम पाणी, मग इथे उपडी," एवढंच त्या म्हणत होत्या, आणि सिंकपासून दिवाणखान्यापर्यंत रांग लागली होती. बँकेतले व्हाइस प्रेसिडेंट विसळून गेले. मंडळाचे माजी अध्यक्ष विसळून गेले. आमच्यात एक सर्जन आहेत, मोठं नाव. त्यांची बाटली दिव्यासमोर धरून बघितली गेली आणि परत हातात दिली गेली.

"डॉक्टर, तळ बघा."

डॉक्टरांनी निमूटपणे पुन्हा नळ सोडला. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "या कुठल्या थिएटरला होत्या हो?"