पायाच्या अंगठ्याचा दर

भिवंडीच्या गोडाऊनांत अपघात होत नाहीत. होतो तो कामगाराचा निष्काळजीपणा. मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाक्याला उतरा आणि कुठल्याही गाळ्यात विचारा. अपघातांचं रजिस्टर कोरं करकरीत, भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’, शेजारच्या फळ्यावर आज किती गाड्या खाली झाल्या त्याचा आकडा. तो तेवढा तासातासाला बदलतात.

बिचाऱ्या फोर्कलिफ्टची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. ती वळते मागच्या चाकांवर. तोंड जरा फिरवलं की बूड भसकन बाहेर येतं, आणि नेमकं तिथेच कोणीतरी खोकी मोजत उभं असतं. अडीच टन उचलायचे म्हणून बुडाला लोखंड भरलेलं. रिकामी असतानाच तिचं वजन चार टनांच्या घरात. त्याखाली स्लिपर घातलेला पाय आला तर दोष कोणाचा? अर्थात स्लिपरचा. सेफ्टी शूज आहेत की! ऑडिटवाले येणार म्हटलं की कपाटातून काढतात.

माल उंच धरून वळताना गाडी कलंडली, तर पट्टा बांधून आतच बसायचं असतं. उडी मारणारा बरेचदा तिच्याच छपराखाली सापडतो. हे चालकाला शिकवायला हवं खरं. पण शिकवणारा जुना चालक गावाला गेलाय. सेलच्या दिवसांत किल्ली ज्याच्या हाती लागेल तो चालक.

भरपाईच्या बाबतीत मात्र आपण चोख. भरपाईच्या कायद्याला १९२३ पासून यादीच जोडलेली आहे, कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली याची. हाताचा अंगठा ३०, तर्जनी १४, पायाचा अंगठा मुळापासून १४, पायाचं दुसरं कुठलंही बोट ३, त्याचं थोडंच हाड गेलं तर १. वाशीच्या मार्केटातही भाव इतका स्वच्छ लिहिलेला नसतो.

आता हे टक्के मागायचे कोणाकडे? जागा एकाची, माल दुसऱ्याचा, फोर्कलिफ्ट भाड्याची, माणूस ठेकेदाराच्या ठेकेदाराचा. कायदा म्हणतो, मूळ मालकाकडे मागा. मूळ मालक म्हणतो, हा माणूस कोण?

शिवाय भरपाई नाकारायला या कायद्याला नुसता निष्काळजीपणा पुरत नाही, दिलेलं सुरक्षा-साधन मुद्दाम टाळलं असं दाखवावं लागतं. म्हणून पाय चिरडला की आधी शूज-वाटपाचं रजिस्टर भरतात, मग रिक्षा बोलावतात. सही येत नसेल तर अंगठा चालतो. हाताचा.